अधिक एक

तीनशे अकरा मुलं, जागा एकशे ऐंशी.
उरलेली खिडक्यांत, पायऱ्यांवर,
काही दारात, चपला अर्ध्या बाहेर.
चोपड्यातला मार्च.
पंखे हवा नुसती ढवळतात,
आणि फळ्याशी मी,
दुसऱ्या वर्षाला सांख्यिकी शिकवणारी बाई.

बावीस वर्षं मी एकच प्रश्न विचारला: समजलं का?
बावीस वर्षं पहिल्या दोन बाकांनी
अख्ख्या वर्गाच्या वतीने सांगितलं: हो मॅडम.
मी पुसलं, पुढचं लिहिलं.
डस्टर झटकलं, मार्चमध्ये तेवढाच काय तो ढग.

यंदा प्रशिक्षणात एका पोराने,
हो, पोरच, माझ्या मुलीहून लहान,
एक ॲप दाखवलं.
मुलं नाव न सांगता बटण दाबतात
आणि पडद्यावर खांब उगवतात.
मी वहीत सगळं उतरवून घेतलं, पासवर्डसकट.
घरी येऊन म्हटलं, खेळ आहे नुसता.

त्या दिवशी प्रमाण विचलन.
सूत्र लिहून झालं, वर्गमुळाचं छप्पर नीट ओढलं.
समजलं का?
हो मॅडम, दोन बाकं.
बरं, म्हटलं, फोन काढा.
म्हणताना जीभ अडखळली.
फोन जप्त करण्यात माझी हयात गेली;
कपाटात एक अजून पडून आहे,
त्याचा मालक कधीच पास होऊन सुरतेला गेला.

हिरवा खांब आधी धावला. चाळीस. सत्तर.
चौऱ्याऐंशीला त्याला दम लागला.
लाल सावकाश चढत राहिला, थांबेचना.
दोनशे सहा.
कुणी हसलं नाही.
बाकाबाकांवर मुलं एकमेकांकडे बघत होती:
तू पण?

खाली एक ओळ उमटली:
माले काहीच समजनं नही मॅडम, आखो एकदाव सांगा ना.
नाव नाही, रोल नंबर नाही.
माझ्या आईची बोली,
जी मी रोज कॉलेजला निघताना
घरच्या चपलांशेजारी सोडून येते.

मी सूत्र पुसलं.
म्हटलं, रावेरचे दोन ट्रक. केळीचे घड.
सरासरी दोन्हींत अठरा किलो.
एकात सगळे सतरा, अठरा, एकोणीस.
दुसऱ्यात एक दहाचा, एक सव्वीसचा, कसेही.
व्यापारी कोणता ट्रकले भाव दी?
पहिलाले!
आवाज मागून आला. मागून, बावीस वर्षांत पहिल्यांदा.
का बरं? सरासरी तर एकच शे.
खिडकीतला कुणी ओरडला: दुसराना भरोसा नही!
बस, म्हटलं, तो भरोसा मोजायचा,
हे सूत्र एवढंच करतं.

दुसऱ्या फेरीत लाल त्र्याण्णववर आला.
उतरला. संपला नाही.

एक राहिलंच सांगायचं.
चौथ्या बाकावर दिलवर बारेला, सातपुड्यातल्या पाड्यावरचा.
फोन नाही, शेजारच्याचा घेत नाही.
पहिल्या फेरीत त्याने हात वर केला,
खरा हात, बाही कोपरापर्यंत घसरलेली.
ॲपला हात दिसत नाही.
मग लाल खांबाशेजारी, पडद्याच्या उजेडाबाहेर,
मी खडूने लिहिलं: + १.

दुसऱ्या फेरीत पुन्हा तोच हात.
मला वाटलं, हिरव्यासाठी.
समजलं? त्याने मान हलवली, नाही.
केळी नाही का रे तुमच्याकडे?
नाही.
मग काय असतं?
तो जरा थांबला, म्हणाला, मोह. आता पडायला लागलाय.
मोजता कसा?
टोपलीनं. पण सगळ्या टोपल्या सारख्या नसतात, मॅडम.
तेवढ्यात तास संपला,
आणि तीनशे जण एका दारातून बाहेर पडू लागले.

संध्याकाळी ॲपने अहवाल पाठवला.
सहभागी: दोनशे नव्वद.
मी वहीत दोनशे एक्याण्णव लिहिले
आणि उद्याच्या पानावर, तारखेखाली,
एवढंच:
मोह. टोपल्या वेगवेगळ्या.